कारभारी : एक पान, तीन कामं

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



फलकावर आमच्या भाषणाचा विषय वाचून काल एका काकांनी विचारलं, "काय रे, गणपतीसमोर पत्ते?" काकांना आम्ही एवढंच म्हणालो की मांडवात रात्री राखणीला बसलेली मंडळी काय खेळतात ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी राखणीला तुम्हीच बसत होता. काका हसले. तेव्हा परवानगी मिळाली असं समजून सुरुवात करतो.

माइकसमोर एकच जण उभा असला तरी आम्ही 'आम्ही' म्हणतोय, त्याचं कारण आधी सांगायला हवं. आम्ही दोघे भाऊ. थोरले तिसऱ्या रांगेत बसले आहेत. धाकटा, म्हणजे आत्ता बोलणारा, राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि बावीस वर्षांची नोकरी, एवढीच आमची विद्वत्ता. जे सांगणार आहोत ते दोघांनी मिळून, बहुतेक वेळा हरून, शिकलेलं आहे. म्हणून 'आम्ही'.

आपल्या इंदुरात मराठी घरात पत्ते नाहीत असं होत नाही. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट, रमी, हे सगळं आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकलो. या सगळ्या खेळांत एक गोष्ट सारखी असते. कॅट सगळ्यांचा मिळून एकच. वाटणाऱ्याने जी पानं दिली ती आपल्या नशिबाची. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे त्यात ही गोष्टच उलटी आहे. इथे प्रत्येकाचा कॅट वेगळा असतो आणि खेळता खेळता तो आपणच तयार करायचा असतो. कोणती पानं विकत घ्यायची, कोणती फेकून द्यायची, हे आपण ठरवायचं. नशीब आहेच, पण ते आपणच भरलेल्या पिशवीतून निघतं.

खेळाचं नाव डोमिनियन. डोनाल्ड एक्स. व्हॅकॅरिनो या अमेरिकन गृहस्थांनी तो रचला, २००८ साली तो बाजारात आला आणि २००९ साली जर्मनीत त्याला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा मान मिळाला. कॅट बांधण्याच्या खेळांची जी लाट नंतर आली ती या खेळापासून. २००९ मध्येच त्याचा 'इंट्रीग' नावाचा पुढचा संच आला. आमचा आजचा नायक त्या संचातला. इंग्रजीत त्याचं नाव स्टीवर्ड. २०१६ साली संचाची सुधारित आवृत्ती निघाली, काही पानं गाळली गेली, पण हा गडी कायम राहिला.

आमच्या घरी हा खेळ थोरल्यांच्या मुलीने आणला. ती बंगळूरला नोकरीला असते. गेल्या पावसाळ्यात सुट्टीवर आली ती दोन खोकी घेऊनच. आईला, म्हणजे तिच्या आजीला, इंग्रजी वाचता येत नाही आणि आईशिवाय आमच्या घरात पत्त्यांचा डाव बसत नाही. मग पुतणीने सगळ्या पानांना मागून अपारदर्शक अशी कव्हरं घातली आणि पुढच्या बाजूने मराठी नावाच्या चिठ्ठ्या सरकवल्या. नावं आईने ठेवली. कॉपर म्हणजे तांबं, सिल्व्हर म्हणजे चांदी, गोल्ड म्हणजे सोनं. इस्टेट म्हणजे वाडी, डची म्हणजे जहागीर, प्रोव्हिन्स म्हणजे प्रांत. आणि स्टीवर्ड म्हणजे कारभारी. होळकरांच्या गावात राहणाऱ्या बाईला दुसरं नाव सुचणार तरी कसं? तीन कामं अंगावर घेणारा, धन्याचा पैसा सांभाळणारा, नको ते निस्तरणारा माणूस म्हणजे कारभारीच. (गावाकडे बायको नवऱ्याला ज्या अर्थाने कारभारी म्हणते तो अर्थ वेगळा, त्यावर आज बोलणार नाही. घरी जायचं आहे.)

आता खेळ थोडक्यात. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा पानं. सात तांब्याची आणि तीन वाड्या. तांब्याचं पान हातात असेल तर एक नाणं मिळतं. वाडीचं पान हातात असेल तर काहीच मिळत नाही, पण डाव संपल्यावर तिचा एक गुण धरला जातो. दर पाळीला पाच पानं उचलायची. एक कामाचं पान खेळायचं, मग हातातल्या नाण्यांतून मधल्या राशींपैकी एक पान विकत घ्यायचं. त्यानंतर खेळलेलं, विकत घेतलेलं आणि हातात उरलेलं, सगळं आपल्या टाकलेल्या राशीवर ठेवायचं आणि नवी पाच पानं उचलायची. कॅट संपला की टाकलेली रास पिसून तोच नवा कॅट. म्हणजे आज विकत घेतलेलं पान दोन-तीन पाळ्यांनी हातात येतं आणि पुन्हा पुन्हा येत राहतं.

चांदी तीन नाण्यांना मिळते आणि दोन नाणी देते. सोनं सहाला, देतं तीन. गुणांसाठी वाडी दोनला एक गुण, जहागीर पाचला तीन गुण, प्रांत आठला सहा गुण. प्रांतांची रास संपली, किंवा कोणत्याही तीन राशी संपल्या, की ती पाळी पूर्ण करून डाव संपतो. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. गुण सारखे झाले तर ज्याच्या पाळ्या कमी झाल्या असतील तो.

यातली मेख लक्षात घ्या. गुण देणारी पानं खेळताना निरुपयोगी असतात. वाडी हातात आली की पाच पानांतलं एक वाया. तरी जिंकायला शेवटी तीच लागतात. कधी टाकायची आणि कधी जमवायची, सगळा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि कारभारी त्या प्रश्नाच्या मधोमध उभा आहे.

कारभाऱ्याची किंमत तीन नाणी. तो खेळला की तीनपैकी एक गोष्ट निवडायची. एक, कॅटातून आणखी दोन पानं उचला. दोन, या पाळीपुरती दोन नाणी जास्त घ्या. तीन, हातातली दोन पानं खेळातून कायमची बाद करा. ही बाद पानं जिथे जातात त्या जागेला आम्ही भंगार म्हणतो.

नियम सोपा दिसतो, पण आमच्याकडे पहिले पंधरा दिवस रोज भांडण झालं. त्यामुळे बारकावे आधीच सांगतो. अर्धं हे आणि अर्धं ते चालत नाही. एक पान उचललं आणि एक नाणं घेतलं, असं नाही. निवड आधी बोलायची, मग पान उचलायचं. उचललेली पानं बघून "नको, नाणीच घेतो" म्हणता येत नाही. आमच्या आईने हे तीनदा करून पाहिलं. बाद करायचं ठरवलं तर हातात दोन किंवा जास्त पानं असताना बरोबर दोनच बाद करावी लागतात. "एकच टाकतो" असं नाही. हातात एकच पान उरलं असेल तर मात्र तेवढं एक. कारभारी स्वतः टेबलावर खेळला गेलेला असतो, हातात नसतो, म्हणून तो स्वतःला बाद करू शकत नाही. दुसरा कारभारी हातात असेल तर पहिला त्याला बाद करू शकतो. दोन नाणी त्याच पाळीत खर्च झाली तर झाली, पुढच्या पाळीला शिल्लक राहत नाहीत. आणि शेवटचं, कारभारी खेळलाच पाहिजे अशी सक्ती नाही. हे शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं.

आता युक्तीकडे येऊ. आम्ही उपयंत्री माणसं, हिशेबाशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरुवातीला दहा पानांत सात नाणी. म्हणजे पाच पानांच्या हातात सरासरी साडेतीन. प्रांत मिळतो आठला. साडेतीनवरून आठवर कसं जायचं? पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो, चांगली नाणी विकत घ्या. दुसरा सुचत नाही, तो म्हणजे वाईट पानं कमी करा. दहा पानांतून नुसत्या दोन वाड्या काढल्या तर आठ पानांत सात नाणी राहतात आणि सरासरी जवळजवळ साडेचार होते. एक पैसा न खर्चता जवळपास एक नाणं वाढलं.

पहिल्या दोन पाळ्यांत सगळी दहा पानं हातून जातात. त्यात सहातून पाच वेळा एका पाळीला तीन आणि दुसरीला चार नाणी येतात. सहातून एकदा पाच आणि दोन येतात. तीन-चार आली तर तीनला कारभारी आणि चारला चांदी किंवा चार नाण्यांचं एखादं उपयोगी पान, ही आमची ठरलेली सुरुवात. पाच-दोन आली तर पाचचं चांगलं पान घ्या आणि कारभारी पुढच्या फेरीत.

दोन कारभारी सुरुवातीलाच घ्यावेत का? मोह होतो. पण पाळीला कामाचं पान एकच खेळता येतं आणि कारभारी खेळल्यावर दुसरं कामाचं पान खेळायची मुभा देत नाही. बारा पानांच्या कॅटात दोन कारभारी असतील तर पुढच्या दोन पाळ्यांत ते एकाच हातात येण्याची शक्यता शंभरात साधारण तीस आहे. तसं झालं की एक नुसता बसून राहतो. आपल्या सरकारी कचेरीतही हे दृश्य दिसतं. टेबलावर 'गाव' नावाचं पान असेल, जे एक पान उचलायला देतं आणि वर दोन कामांची मुभा देतं, तर मात्र दोन कारभारी ठेवा. एक उचलतो, दुसरा निस्तरतो.

आता समजा हातात कारभारी, दोन वाड्या, दोन तांबं आहे. दोन नाणी घेतली तर चार होतील आणि काहीतरी बरं घेता येईल. मोह आवरा. दोन्ही वाड्या भंगारात टाका. यापेक्षा चांगला मुहूर्त पुन्हा येत नाही.

समजा हातात कारभारी, चांदी आणि तीन तांबं आहे. हातची पाच नाणी, कारभाऱ्याची दोन, झाली सात. सोनं सहाला आहे. इथे टाकत बसू नका, सोनं घ्या.

आणि समजा हातात कारभारी, एक वाडी, तीन तांबं आहे. ही खरी परीक्षा. दोन नाणी घेतली तर पाच होतात. वाडी आणि एक तांबं टाकलं तर दोन उरतात, दोन नाण्यांत काहीच धड मिळत नाही. इथे आमच्या दोघांचं एकमत आजही नाही. थोरले म्हणतात पाचचं पान घ्या. धाकटा म्हणतो टाका. पुतणीने निकाल दिला तो असा, की आधी टेबलाकडे बघा. पाचच्या राशीत प्रयोगशाळा किंवा चेटकीण असं डाव फिरवणारं पान असेल तर घ्या, नसेल तर टाका. चेटकीण दुसऱ्यांच्या कॅटात शाप घालते, एका शापाचा एक गुण वजा. ती समोरच्याकडे असेल तर आपला कारभारी आणखी मोलाचा, कारण शाप टाकायलाही तोच लागतो.

तांबं टाकायला लोक घाबरतात. पैसा कसा टाकायचा? पण हा हिशेब बघा. कारभारी आणि चांदी घेतल्यावर कॅटात बारा पानं होतात. कारभाऱ्याची दोन नाणी धरली तर बारा पानांत अकरा नाणी, म्हणजे हाताला पाचपेक्षा कमी. आता समजा तीन वेळा कारभारी खेळून तीन वाड्या आणि तीन तांबं बाद केलं आणि मधे काही घेतलं नाही. उरली सहा पानं. चार तांबं, एक चांदी, एक कारभारी. यातली कुठलीही पाच हातात आली तरी किमान सहा नाणी होतात. मागे राहिलेलं पान तांबं असेल तर सात, चांदी किंवा कारभारी असेल तर सहा. नाणी कमी झाली आणि तरी सोनं हमखास मिळायला लागलं. आम्ही हे कागदावर मांडलं तेव्हा थोरले पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

टाकण्यासाठी 'चॅपल' नावाचं पान अधिक स्वस्त आणि वेगवान आहे. दोन नाण्यांना मिळतं आणि एका फटक्यात चार पानांपर्यंत बाद करतं. मग कारभारी कशाला? कारण चॅपलचं काम संपलं की ते पानच कॅटात अडगळ होऊन बसतं. कारभाऱ्याचं पहिलं काम संपलं की तो दुसरं हातात घेतो. डावाच्या मध्यावर तो चांदीचं काम करतो. हातात कारभारी, दोन सोनं, एक वाडी, एक जहागीर आली तर सहा अधिक दोन, आठ, आणि प्रांत आपला. कॅट बारीक झाला, गावं जमली, की तो पानं उचलून देतो. तीन कामांपैकी कुठलंही तो सगळ्यात उत्तम करत नाही. पण ज्या वेळी जे हवं ते करतो.

'दरबार' नावाचं पान असेल तर मजा आणखी. दरबार म्हणजे एक कामाचं पान दोनदा खेळायचं. दोन्ही वेळा निवड वेगळी करता येते. आधी दोन पानं उचला, काय आलं ते बघा, आणि मग ठरवा, टाकायचं की नाणी घ्यायची.

आता न खेळण्याबद्दल. हातात कारभारी, दोन सोनं, एक चांदी, एक तांबं. झाली नऊ नाणी. प्रांत आठला मिळतोच आहे. आमच्यातल्या धाकट्याने अशा वेळी विचार केला, की कारभारी आहेच तर तेवढं एक तांबं टाकून देऊ. पण नियम दोनचा. तांब्याबरोबर चांदी गेली, उरली सहा, आणि हातातला प्रांत गेला. तो डाव सहाच गुणांनी हरलो. खेळायची सक्ती नव्हती.

आणि टाकणं कधी थांबवायचं? प्रांतांची रास चार-पाचवर आली की वाडी टाकू नका. तीन वाड्यांचे तीन गुण, म्हणजे अर्धा प्रांत. सुरुवातीला जी अडगळ तीच शेवटी गुण.

एवढं सगळं सांगितलं, आता जे सांगण्यासाठी थोरल्यांची परवानगी घेतली ते सांगतो.

आमचं घर वडिलांनी बांधलेलं. खाली थोरले, वर धाकटा. वडील गेल्यानंतर घर ठेवायचं की बिल्डरला देऊन फ्लॅट घ्यायचे यावरून आमच्यात वाजलं. थोरल्यांना एक खिळासुद्धा हलवायचा नव्हता. धाकट्याला सगळं एकदम निकाली काढायचं होतं. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. वीजबिल, पाण्याचा टँकर, आईचं औषध. बस. सणाला एका पंगतीत बसलो, पण वाढणाऱ्यांशीच बोललो.

पुतणीने खोकं आणलं तेव्हा अट घातली. "बाबा आणि काका दोघं बसणार असाल तरच शिकवते." आईसाठी बसलो. आणि खेळ असा, की माणूस कसा आहे ते दहा मिनिटांत टेबलावर दिसतं. थोरले एक पान टाकायचे नाहीत. शेवटपर्यंत सातही तांबं, तीनही वाड्या. हरायचे. धाकटा दिसेल ते टाकायचा. एकदा इतकं टाकलं की चांदी घ्यायला तीन नाणी जमेनात. तोही हरायचा. जिंकायची आई. तिला हिशेब येत नाही, पण कधी काय ठेवावं हे कळतं.

एका रात्री डाव संपल्यावर आई पानं आवरता आवरता म्हणाली, "अरे, या कारभाऱ्यासारखं करा की. दोन-दोन काढा. सगळं एकदम नाही आणि काहीच नाही असंही नाही."

त्यावर कोणी काही बोललं नाही. पण पुढच्या रविवारी थोरले वर आले आणि म्हणाले, "माळ्यावरून दोन वस्तू काढू. एक तू सांग, एक मी." असं सुरू झालं. दर रविवारी दोन. फुटका बंब, पाय मोडलेलं टेबल, आमच्या शाळेच्या वह्या, पितळेचा गळका स्टोव्ह. दोघांचं एकमत झालं तरच वस्तू खाली. नाही झालं तर त्या रविवारी हात रिकामा. वस्तू काढता काढता वडिलांच्या गोष्टी निघायला लागल्या. मग चहा व्हायला लागला. पाच-सहा महिन्यांत माळा रिकामा झाला आणि आम्ही बोलायला लागलो. घराचं अजून ठरलेलं नाही. पण आता त्यावर बोलता येतं, दोघांना, आवाज न चढवता.

एक चूक मात्र झाली, आणि ती या सभागृहात सांगायलाच हवी. माळ्यावर एका ट्रंकेत जुनी मासिकं आणि कागद होते. वाळवी लागलेली वाटली. त्या रविवारी दोघांनाही घाई होती. न उघडता एकमत झालं आणि ट्रंक रद्दीवाल्याला गेली. आठ दिवसांनी आई म्हणाली, "त्यात मंडळाच्या स्मरणिका होत्या. तुझे बाबा दर वर्षीची जपून ठेवायचे." आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. माल पुढे गेला होता. मंडळाच्या कचेरीत चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यातल्या बऱ्याच वर्षांच्या स्मरणिका मंडळाकडेही नाहीत. कोणी नाटकात काम केलं, कोणाच्या आजीने पाककृती लिहिली, कोणत्या साली पावसाने मांडव पडला, ते सगळं त्या कागदांत होतं. आमच्या वडिलांनी एका वर्षी हिशेबतपासनीस म्हणून दोन पानं लिहिली होती, असं आई सांगते. ती आम्ही कधी वाचली नाहीत. आता वाचता येणार नाहीत.

ती वाडी होती. तिला शेवटी गुण होता. आम्ही ती अडगळ समजून टाकली. भंगारात गेलेलं पान परत घेता येत नाही, हा नियम आम्ही खेळात शंभर वेळा पाळला आणि घरात एकदा विसरलो.

म्हणून दोन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली, तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर, कपाटावर, दिवाणाच्या पोटात मंडळाच्या जुन्या स्मरणिका असतील त्यांनी त्या टाकू नयेत. द्यायच्या नसतील तर देऊ नका, फोटो काढायला द्या. आम्ही दोघे भाऊ घरी येऊन काढून नेऊ. आतापर्यंत चार घरांतून सात अंक मिळाले आहेत. त्यात वडिलांची पानं नाहीत, पण शोध चालू आहे.

दुसरी विनंती मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना. उद्यापासून विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळच्या आरतीनंतर मागच्या खोलीत टेबल मांडलेलं असेल. एका डावाला चार जण बसतात. मराठी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, इंग्रजीची अडचण नाही. एका टेबलावर दोन पिढ्यांची माणसं हवीत, एवढीच आमची अट. शिकवायला आम्ही दोघे असू. हरवायला आई असेल.